आखाडाचा अंमल

बीड जिल्ह्याने जितके अंमल पाहिले, तितके पाहण्याचा योग फार थोड्या मुलखांच्या नशिबी आला असेल. देवगिरीचे यादव झाले, बहामनी झाले, अहमदनगरची निजामशाही झाली, मोगल झाले, आणि मग हैदराबादच्या असफजाहीने सव्वादोनशे वर्षे येथे असे ठाण मांडले की, अंबाजोगाईचे मोमिनाबाद झाले, जिल्ह्याच्या मुख्याचा अव्वल तालुकदार झाला, बाजारात हाली सिक्का खुळखुळू लागला आणि बैल चोरीस गेल्याची साधी फिर्याद गुदरावयाची म्हटली तरी अर्जनविसाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. १९४८ च्या सप्टेंबरात तेही राज्य गेले. १९५६ साली आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो, १९६० साली महाराष्ट्रात आलो, आणि दर खेपेस जुने दप्तर बासनात बांधून नवे उघडले गेले. परंतु ह्या साऱ्या उलथापालथीत एक हुकूम असा आहे की, जो कोणत्याही दप्तरी दाखल नाही, ज्यावर कोणाचा शिक्कामोर्तब नाही, ज्याच्या बजावणीस शिपाई लागत नाही, आणि जो मोडण्याची छाती निजामापासून जिल्हा परिषदेपर्यंत कोणासही झालेली नाही: आखाड लागला की घरोघर कढई चढली पाहिजे.

आखाड म्हणजे पंचांगातला आषाढ. ह्या सुमारास मृगाची पेरणी झालेली असते किंवा व्हावयाची राहिलेली असते, आणि आमच्या जिल्ह्याचा पर्जन्यमानाशी असलेला संबंध लक्षात घेता दुसरीच शक्यता अधिक. दसरा करून कोयते घेऊन कारखान्यांच्या फडावर गेलेली माणसे उन्हाळ्यात परत येऊन आता घरी असतात. आखाड लागण्याच्या आगेमागे मुक्ताबाईंची पालखी बीडवरून, पैठणच्या नाथांची शिरूर-पाटोद्याकडून आणि शेगावच्या गजानन महाराजांची परळी-अंबाजोगाईवरून पंढरीस जाते, आणि त्यांच्यामागे रस्ता एकदम ओकाबोका होतो. लग्नसराई आटोपलेली असते. लग्न होऊन नुकत्याच नांदावयास गेलेल्या मुली पहिल्या आखाडात माहेरी येतात, कारण ह्या महिन्यात नव्या सुनेने सासूचे तोंड पाहू नये असा नियम आहे. तो कोणत्या स्मृतीत सांगितला आहे हे मला ठाऊक नाही, तथापि त्या स्मृतिकाराला स्वतःची सासू होती एवढे अनुमान काढावयास हरकत नसावी. मंगळवार-शुक्रवार गाठून मरीआईला नैवेद्य जातो. सारांश, पोटाला काम कमी, हाताला काम कमी, घरात माणसे मात्र दुप्पट, आणि बाहेर आभाळ भरून येऊन पाऊस पडेल की नाही ह्याचा निकाल दररोज तहकूब होत असलेला. अशा वेळी प्रजेला कशात तरी गुंतवून ठेवणे राजनीतीच्या दृष्टीने इष्टच आहे.

वैद्यकाच्या दृष्टीने मात्र ते मुळीच इष्ट नाही. वर्षा ऋतूत जठराग्नी मंद होतो, यास्तव लघु आणि उष्ण आहार घ्यावा, तळलेले आणि जड पदार्थ वर्ज्य करावेत, असे आयुर्वेदाचे सांगणे आहे. आमच्या गल्लीतील एक वृद्ध वैद्य हे वचन आखाडाच्या पहिल्या दिवसापासून येणाऱ्या-जाणाऱ्यास ऐकवीत असत, आणि ते ऐकवून झाल्यावर आमच्या ओट्यावर बसून, जठराग्नीची परीक्षा घेण्याच्या शुद्ध शास्त्रीय हेतूने, पुढ्यात आलेली वाटी रिकामी करीत असत. शास्त्र आणि रूढी ह्यांच्यातील पुरातन झगडा इतक्या सौजन्याने मिटलेला मी अन्यत्र पाहिला नाही.

ह्या महिन्यात कढईतून जे जे बाहेर येते त्यात कापण्या आहेत, गुलगुले आहेत, तिखटमिठाच्या पुऱ्या आहेत. गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून, वर खसखस लाटून, शंकरपाळ्याच्या आकारात कापलेल्या कापणीविषयी मला आदर आहे. परंतु गोड पदार्थांना वकील पुष्कळ मिळतात, आणि खुसखुशीतपणा हा त्यांच्या बाजूने नेहमीच भक्कम पुरावा असतो. मी वकीलपत्र घेतो ते ज्वारीच्या पिठाच्या तिखट वड्याचे. ह्याला पानात डावीकडची जागा. मध्ये भाकरी, उजवीकडे वाटीत येसराची आमटी, आणि डावीकडे मिठाच्या, ठेच्याच्या आणि कांद्याच्या सोबतीने हा बसलेला. पंक्तीत त्याचे नाव घेऊन कोणी जेवावयास बोलावीत नाही. 'वडे खायला या' असे आमंत्रण आमच्या गावी आजवर गेलेले नाही. 'दोन घास भाकरी खाऊन जा' असेच म्हणावयाचे, आणि पाहुण्याने भाकरीकडे पाहत वड्यांचा फडशा पाडावयाचा. तोंडी लावण्याच्या ह्या वस्तूने मुख्य अन्नाला कसे ताबेदार करून ठेवले आहे, हे ज्याने आखाडातील पंगत पाहिली नाही त्याला कळावयाचे नाही.

ह्या उधळपट्टीचे खरे मोल कळण्यासाठी उरलेल्या अकरा महिन्यांचा हिशेब पाहिला पाहिजे. आमच्याकडे तेल ही जपून हाताळावयाची चीज. फोडणीला तेल पळीने घेतात, आणि ती पळीही बुडत नाही, ओलावते. जुन्या काळी हे तेल करडईचे असे. रब्बीच्या ज्वारीत काही ओळी करडईच्या टाकावयाच्या, किंवा शेताच्या कडेने तिची काटेरी रांग लावावयाची, म्हणजे पीक ते पीक आणि कुंपण ते कुंपण. बांधावरून तोंड घालणारे जनावर एकदा नाकाला काटा टोचला की परत फिरते. म्हणजे वड्याचे पीठ आणि वडा तळावयाचे तेल ही दोन्ही एकाच वावरात, एकमेकांच्या शेजारी, उभी असत, आणि मध्ये अंतर काय ते जात्याचे आणि तेलघाण्याचे. पुढे सोयाबीन आले. ते तीन-साडेतीन महिन्यांत निघते, रोख पैसा देते, काटे मुळीच नसतात. मग परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम' नावाचे करडईचे उत्तम वाण काढले तरी शेतकऱ्याच्या मनातून ती उतरली ती उतरलीच. आता तेल पिशवीतून येते. पूर्वी ज्या घरात तेलाची किटली कुलपात असे, त्याच घरात आज पिशवीचा कोपरा कात्रीने कापून, ती कढईवर पालथी धरून शेवटच्या थेंबापर्यंत पिळली जाते. साधन बदलले, वृत्ती तीच. अशा ह्या वृत्तीच्या माणसांनी वर्षातून एक महिना कढई काठोकाठ भरावी, हा चमत्कार रूढीशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेला साधला नसता.

आमच्या घरी ह्या अंमलाच्या सर्वाधिकारी म्हणजे आमच्या आत्याबाई. त्यांचे सासर धारूर तालुक्यात. परंतु माहेरच्या स्वयंपाकघरावरील आपला हक्क त्यांनी कधी सोडला नाही, आणि आखाडात तो त्या जातीने येऊन बजावतात. त्या आल्या की प्रथम पिठाची चौकशी होते. ज्वारी कोणती, दळण कधीचे, गिरणीत ज्वारीआधी काय दळले होते, इत्यादी प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाल्यावर त्या पिठाची चिमूट पाण्यात भिजवून दोन बोटांमध्ये ओढून पाहतात, आणि निकाल देतात: "इरी गेलीय ह्याची. दुसरं दळून आणा." ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. त्याची जी काही माफक चिकटण असते ती म्हणजे विरी, म्हणजेच आत्याबाईंची इरी, आणि दळण शिळे झाले की ती जाते. मग भाकरी थापताना चिरते आणि वडा तेलात उलतो. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या केंद्रावर १९३० नंतरच्या दशकात निवडलेली मालदांडी ज्वारी अजूनही आमच्याकडे लोक मागून घेतात, त्यातले रहस्य पुष्कळसे ह्या विरीत आहे. नव्या वाणांचे उत्पन्न अधिक येते हे आत्याबाईंना मान्य आहे. "पण मग ते पोत्यातच बघत बसावं," असे त्यांचे म्हणणे.

पीठ पसंत पडले की काम सुरू होते. परातीत पीठ, त्यात वाटलेला लसूण आणि हिरवी मिरची, जिरे, हातावर चोळलेला ओवा, तीळ, हळद, मीठ, चिरलेली कोथिंबीर. वर कडकडीत तेलाचे मोहन, ते पडताच पीठ जागोजाग चुर्र करते आणि लसणाचा वास माजघर ओलांडून रस्त्यापर्यंत जातो. मग गरम पाणी, कारण थंड पाण्याला ज्वारी दाद देत नाही. गोळा मळून थोडा वेळ झाकून ठेवावयाचा, आणि मग एकेक लिंबाएवढी गोळी घेऊन ती ओल्या फडक्यावर थापावयाची. हल्ली फडक्याऐवजी धुऊन उकललेली दुधाची पिशवी असते. आत्याबाईंची चार बोटे त्या गोळीवर मधून कडेकडे अशी फिरतात की, चकती सर्वत्र सारख्या जाडीची होते, कडेला एकही चीर दिसत नाही. शेवटी करंगळीने मध्ये एक भोक, आणि पिशवी तळहातावर पालथी करून वडा अल्लद तेलात. भोक कशाला, तर आतील पाण्याची वाफ होते आणि तिला वाट लागते. वाट न मिळाली तर ती स्वतः करून घेते, आणि मग वडा फुटून उकळते तेल मनगटावर येते. तेल तापले की नाही हे पाहण्यासाठी पिठाची राईएवढी गोळी टाकतात. ती तळाशी बसून राहिली तर तेल गार, चटकन वर येऊन काळी पडली तर फार तापलेले, आणि शांतपणे बुडबुडे काढीत वर आली तर ठीक. गार तेलात वडा तेल पितो, कारण आतून जोराने बाहेर पडणारी वाफ हीच बाहेरच्या तेलाला थोपवून धरीत असते, आणि तिचा जोर नसला की तेलास मज्जाव करणारे कोणी उरत नाही. हे पदार्थविज्ञान मी शाळेत शिकलो. आत्याबाई ते न शिकता जाळ मागेपुढे करतात. चूल होती तेव्हा तुराट्या आणि पऱ्हाट्या आत-बाहेर सारीत, आता शेगडीची कळ फिरवितात, पण नजर जाळाकडे नसते. ती बुडबुड्यांकडे असते.

ह्या सर्व कामात प्रमाण कसले म्हणून नाही. आमच्या सूनबाई बँकेत नोकरीस आहेत आणि नोंदीशिवाय कोणताही व्यवहार त्यांना बेकायदेशीर वाटतो. मराठीत पाककृतींचे ग्रंथ काही कमी नाहीत. लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली 'गृहिणी-मित्र' लिहून एक हजार पाकक्रिया सांगितल्या, आणि कमलाबाई ओगल्यांच्या १९७० सालच्या 'रुचिरा'ने तर वाटी आणि चमचा ही प्रमाणे घरोघर पोहोचविली. परंतु आत्याबाईंचा वडा कोणत्याच ग्रंथात नाही, म्हणून तो लिहून घेण्याचे सूनबाईंनी मनावर घेतले.

"आत्याबाई, तिखट किती घालायचं?"

"लागंल तेवढं."

"आणि मोहन?"

"पीठ सांगतंय की. मुठीत धरलं की गोळा ऱ्हायला पाहिजे."

सूनबाई हुशार. त्यांनी छोटा वजनकाटा आणला आणि आत्याबाईंची प्रत्येक मूठ परातीत पडण्यापूर्वी त्यावर रिकामी करविली. आत्याबाईंनीही एखाद्या थोर पुरुषाने चित्रकारासमोर बसावे तशा सहनशीलतेने हा प्रकार चालू दिला. ग्रॅमनिशी यादी तयार झाली, वहीत स्वच्छ अक्षरात उतरली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याबरहुकूम केलेले वडे असे काही निघाले की, ते पानात पडल्याचा आवाज ओट्यापर्यंत ऐकू आला. आत्याबाईंनी एक मोडून पाहिला, म्हणजे मोडण्याचा प्रयत्न केला, आणि म्हणाल्या, "काल पाऊस होता, पीठ सर्द होतं. आज ऊन पडलंय. पाणी वाढवायला नको का?" वहीत हवामानाचा रकाना नव्हता. तो आता आहे.

पुरुषवर्गाचा ह्या राज्यात दर्जा काय, असे कोणी विचारील. आम्ही सल्लागार मंडळ. आमच्या बैठकीची जागा माजघराच्या उंबऱ्याबाहेर, जेथून कढई दिसते पण तेल उडत नाही. तेथून आम्ही जाळ मोठा आहे, वडा जाड आहे, तीळ कमी आहेत, पूर्वी आमच्या आईच्या हातचे कसे असत, अशी उपयुक्त माहिती वेळोवेळी पुरवीत असतो. मात्र एक गोष्ट आम्हांस मना आहे. तळण चालू असता 'किती झाले?' असे विचारावयाचे नाही. विचारले की टोक लागते, तेल आटते आणि बरकत जाते, अशी आत्याबाईंची श्रद्धा. आणि मोजणी नसल्यामुळे डब्यातून परस्पर झालेला अपहार कधीही उघडकीस येत नाही, म्हणून सल्लागार मंडळानेही ह्या श्रद्धेचा एकमताने पुरस्कार केलेला आहे.

गेल्या काही वर्षांत ह्या सुरळीत कारभारात एक परके प्रकरण उपस्थित झाले. माझा पुतण्या शेतकी पदवीधर. आमच्या भागात चाऱ्यासाठी आणि कोंबडीखाद्यासाठी मक्याचा पेरा वाढला आहे, तेव्हा जे जनावर खाते ते माणसाने का खाऊ नये, ह्या तत्त्वावर तो पिवळ्याधमक मक्याच्या पिठाची पिशवी घेऊन नेमका आखाडात आला. शिवाय वाचन दांडगे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मक्याच्या पिठाचे असेच गोळे तळून माशांच्या जेवणात तोंडी लावतात, आणि त्यांच्याविषयी अशी दंतकथा आहे की, शिकारीहून आलेली मंडळी स्वयंपाक करीत असता भोवती भुंकणाऱ्या कुत्र्यांपुढे हे गोळे फेकून त्यांना गप्प करीत, ही माहिती त्याने भर स्वयंपाकघरात दिली. आत्याबाईंनी झारा निथळीत एकवार उंबऱ्याबाहेर बसलेल्या आमच्या मंडळाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "आपल्याकडं तरी दुसरं काय करतो आपण?" आणि गरम वड्यांची ताटली आमच्यापुढे सरकविली. मंडळ तत्काळ गप्प झाले.

परंतु पिवळ्या पिठास त्यांची हरकत होती, आणि ती निव्वळ हट्टाची नव्हती. १९७२ च्या दुष्काळात आत्याबाई नव्या नवऱ्या होत्या. विहिरींनी तळ दाखविला, सरकारने कामे काढली, आणि चांगल्या घरच्या लेकी-सुना पदर तोंडावर ओढून नालाबंडिंगवर माती वाहावयास आणि रस्त्यावर खडी फोडावयास गेल्या. तेथे सुकडी मिळे. आणि घरी रेशनवर मिळे ती अमेरिकेहून आलेली लाल मिलो. त्या मिलोच्या भाकरीचा रंग, तिचा घशात अडकणारा कोरडेपणा आणि ती रांगेत उभे राहून घेताना खाली घातलेली मान ही त्या पिढीच्या स्मरणातून गेलेली नाहीत. कोलंबसानंतर मका अमेरिकेतून निघून साऱ्या जगात पसरला, तो काही दुष्काळाबरोबर आलेला नाही, हे पुतण्याने परोपरीने सांगितले. आत्याबाईंनी ते ऐकून घेतले. "आला असंल. पण तिकडचं धान्य आपण हौसेनं खायचं म्हणतोस, ते मला नवं आहे. मी ते भुकेनंच खाल्लंय." पुतण्या ह्यावर बराच वेळ काही बोलला नाही, आणि त्या घरात असे क्वचितच घडते.

तथापि आत्याबाई न्यायी आहेत. आलेल्या पिठाची दाद लावल्याखेरीज ते परत पाठविणे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते. पहिला घाणा पुतण्याने पुस्तकाप्रमाणे स्वतः थापला, आणि तेलात पडताच त्या वड्यांनी आपापले अस्तित्व विसर्जित करून कढईभर पिवळी वाळू पसरविली. "इरीच नाही," आत्याबाई म्हणाल्या. मक्यालाही गव्हाचा चिवटपणा नाही आणि जाडेभरडे पीठ असल्यामुळे ज्वारीइतकेही ते एकमेकास धरीत नाही. मग त्यांनी तेल गाळले, उरलेले पीठ उकळत्या पाण्यात घालून त्याची उकड काढली, ती झाकून मुरू दिली, तीत ज्वारीचे पीठ आणि बेसनाची मूठ मिसळली, लसूण दुप्पट केला, आणि थापून, भोक पाडून, मध्यम आचेवर सोडले. वडे निघाले ते बाहेरून कुरकुरीत, आतून किंचित गोडसर, आणि रंगाने असे की कापण्यांनी मान खाली घालावी. सल्लागार मंडळाने त्याचा कसून तपास केला. तपासकामी अधिक नग मागविण्यात आले. आत्याबाईंनी स्वतः एक खाल्ला, थोडा वेळ विचार केला, आणि शेरा मारला: "ज्वारी घातलीय म्हणून बरा लागतोय."

ह्या तोंडी लावण्याच्या व्यवहारात केवळ जिभेचे चोचले आहेत असे मानणाऱ्या गंभीर प्रकृतीच्या लोकांसाठी एक गोष्ट येथे नमूद करणे प्राप्त आहे. कुन्नूरहून १९५८ साली हैदराबादेस आलेल्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया ह्यांनी १९६० साली असे दाखविले की, केवळ मका खाणाऱ्यांना होणारा पेलाग्रा नावाचा त्वचेचा आणि डोक्याचा रोग दख्खनमध्ये केवळ ज्वारी खाणाऱ्या गरिबांनाही होतो. ज्वारीतील ल्युसिन नावाच्या घटकाचे आधिक्य आणि नायसिन ह्या जीवनसत्त्वाशी त्याचे वाकडे, असा त्यांचा तर्क होता. म्हणजे नुसती भाकरी चोवीस तास पुरत नाही. तिच्याबरोबर डाळ लागते, भाजी लागते, आणि नायसिनने भरलेल्या शेंगदाण्यांची चटणी तर लागतेच लागते. ही हकीकत मी आत्याबाईंना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे डावी बाजू रिकामी ठेवू नये, एवढंच ना?" हैदराबादच्या प्रयोगशाळेस इतक्या थोडक्यात आवरते घेता आले नसते. पण ह्या आधारावर तळलेल्या वड्यालाही औषधात गणावे, असा जो ठराव सल्लागार मंडळाने त्याच बैठकीत मांडला, तो मात्र त्यांनी दाखल करून घेतला नाही.

तळण झाले की वाटपाचे प्रकरण सुरू होते, आणि ते तळणापेक्षा नाजूक आहे. आखाडाचे तळण शेजारीपाजारी जाते, लेकीच्या सासरी जाते, सोयऱ्यांकडे जाते. आणि ज्या ताटलीतून ते जाते ती रिकामी परत यावयाची नाही असा दंडक आहे. परिणामी, आपण सकाळी डावीकडच्या घरी पाठविलेले वडे दुपारी पुऱ्या होऊन परत येतात, त्या पुऱ्या संध्याकाळी उजवीकडे रवाना होतात, आणि आपल्या घरी शेवटी कोणाचे काय राहिले ह्याची रुजवात घालणे मोठ्या कारकुनालाही शक्य नाही. एकदा एका घरून आलेली गुलगुल्यांची ताटली आमच्याकडून पुढे गेली आणि चार घरे फिरून, वर आणखी दोन कापण्या घेऊन, मूळ घरीच पोहोचली. त्यांना ती ओळखू आली असावी. कारण त्यांनी ती पुन्हा आमच्याकडे पाठविली. ह्या देवघेवीत उघड टीका करावयाची नसते. "छान झालेत, जरा तेल दिसतंय, पण छान झालेत," ह्या वाक्यातील मधला भाग ऐकून घेऊन कडेचे दोन भाग सोडून द्यावयाचे, हे गल्लीत सर्वांना ठाऊक असते.

दिव्यांच्या अवसेला घरातील समया आणि दिवे घासूनपुसून मांडतात, त्यांची पूजा होते, आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो. गेल्या वर्षी अवसेच्या रात्री आत्याबाईंनी कढई राखेने घासून पालथी घातली, उरलेले तेल फडक्यातून गाळून बरणीत भरले आणि बरणी फळीवर ठेवली. जवळजवळ निम्मी बरणी शिल्लक होती, आणि काटकसरीच्या घराण्यात जन्मल्यामुळे मला त्या बरणीकडे पाहून समाधान वाटले. पहिला श्रावणी सोमवार आला. सकाळी पाहतो तो कढई पुन्हा शेगडीवर आणि आत्याबाई साबुदाणा मोकळा करीत बसलेल्या.

"आत्याबाई," मी म्हणालो, "आखाड संपला."

"संपला की."

"मग हे तळण?"

"हे उपासाचं. उपासाला वडे नकोत का?"

"ठीक आहे. बरणीतलं तेल काढून देऊ?"

आत्याबाईंनी माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिले की, माझ्या एकंदर शिक्षणावर झालेला खर्च मला एकाएकी व्यर्थ वाटू लागला.

"त्यात लसूण तळलाय. उपासाला कसं चालंल? जा, शेंगदाण्याचा नवा डबा घेऊन ये. अन् मोठा आण. अजून तीन सोमवार आहेत."